गाडी कंपनीची, हौस बाजारची

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला एक खोड लागते. कागद हातात आला की तो आधी मजकूर वाचत नाही, खाली सही कोणाची आहे ते पाहतो. सही नसेल तर मजकूर कितीही गोड असो, कागद बाजूला पडतो. नोकरीत असतानाच मी कादंबऱ्या लिहू लागलो आणि निवृत्तीनंतर तर तेवढेच करतो. पण ही खोड काही सुटली नाही. पुतण्याच्या मोटारसायकलीकडेही मी त्याच नजरेने पाहिले. त्यावरून आमच्या घरात जी वादावादी झाली ती घरातच ठेवावी असे आधी वाटत होते. पण तरुण मुलगा असलेल्या ज्या ज्या घरी हा विषय निघाला, तिथे तिथे तीच गोष्ट थोड्याफार फरकाने ऐकायला मिळाली. म्हणून हे लिहितो आहे.

आमचे गाव राहू. तालुका दौंड, भीमा ओलांडली की शिरूर तालुका. जवळच मुळा-मुठा भीमेला मिळते आणि या दोन नद्यांमधल्या मुलखाला सगळे राहू बेट म्हणतात. पाणी आहे म्हणून ऊस आहे, आणि ऊस आहे म्हणून गुऱ्हाळे आहेत. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी गावाकडे निघालात तर गुळाचा वास आधी भेटतो, गाव नंतर. उसात आता बिबटेही असतात, पण तो वेगळा विषय.

मी १९८० च्या दशकात नोकरीला लागलो तेव्हा आमच्या भागात मोटारसायकल म्हणजे राजदूत, आणि राजदूत म्हणजे दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या दुधाच्या किटल्या. गाडी ही म्हशीसारखी कमावती वस्तू होती. तिच्या रूपाविषयी कुणी बोलत नसे. मी बँकेचे कर्ज काढून राजदूत घेतली, तेव्हा लेगगार्ड, कॅरियर, साडीगार्ड हे सगळे ‘एक्स्ट्रा फिटिंग’ होते. पुण्याला नाना पेठेत जायचे, दुकानदाराशी घासाघीस करायची आणि एकेक वस्तू बसवून घ्यायची. तेव्हा बाजारातून आणून गाडीला काही बसवणे म्हणजे पाप, असे मानणारा मी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मग १९८५ साली यामाहाची आरएक्स १०० आली आणि तरुणांच्या डोक्यात पहिल्यांदा ‘पिकअप’ हा शब्द शिरला. तिच्या सायलेन्सरमधली जाळी काढायची एक साथच आली होती. जाळी काढली की आवाज फाटायचा आणि पोरांना वाटायचे, ताकद वाढली. खरे तर टू-स्ट्रोक इंजिनात सायलेन्सरचा फुगीर आकार हा इंजिनाचाच एक भाग असतो. बाहेर निघालेला वायू त्या आकारावर आपटून परत येतो आणि निसटू पाहणारे ताजे इंधन पुन्हा आत ढकलतो. त्यात हात घातला की अनेकदा ताकद कमीच होते. पण कानाने मोजलेली ताकद मनाला पटते. तिथपासून आजपर्यंत या हौसेचे मूळ सूत्र बदललेले नाही असे माझे मत आहे.

१९९६ साली आरएक्स १०० बंद झाली. २००१ साली बजाजची पल्सर आली. २०१२ साली केटीएमची ड्यूक २०० चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडली. म्हणजे शर्यतीच्या घराण्यातली गाडी आमच्याच जिल्ह्यात तयार होऊ लागली, आणि ऊस गेला की मिळणाऱ्या पैशात ती बसूही लागली. २०१६ साली माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, वय वर्षे बावीस, २०० सीसीची स्पोर्ट्स बाईक घ्यायला निघाला. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण पुढे जे झाले त्यात गाडीचा दोष नव्हता.

कोटेशन घेऊन तो माझ्याकडे आला. दोन कोटेशने होती. एकात एबीएस होते, दुसऱ्यात नव्हते. मधला फरक साधारण बारा हजारांचा.

“तात्या, बिगर एबीएसची घेतो,” तो म्हणाला. “ब्रेक तर दोन्हीला हायेतच की. बारा हजारात सायलेन्सर येतो, मागचा रुंद टायर येतो, हँडल येतंय. वर चहापाण्याला उरत्यात.”

मी म्हटले, “सायलेन्सर नंतर कधीही बसवशील. एबीएस नंतर बसवता येईल का?”

“नंतर कशाला लागतंय?”

माझ्या प्रश्नाला हे उत्तर नव्हते. पण पैसे त्याचे होते, बावीस वर्षांच्या मुलाला चुलत्याने किती सांगायचे यालाही मर्यादा असते, आणि खरे सांगायचे तर मलाही एबीएस म्हणजे नेमके काय हे तेव्हा नीट ठाऊक नव्हते. ते नंतर समजून घेतले. चाकाला एक खाचा असलेली चकती असते आणि तिच्याजवळ एक सेन्सर. चाक किती वेगाने फिरते आहे हे तो सतत कळवत असतो. घाबरून आपण ब्रेक गच्च दाबला आणि चाक फिरायचे थांबून नुसते घसरू लागले, की ही यंत्रणा ब्रेकमधल्या तेलाचा दाब सोडते, पुन्हा धरते, पुन्हा सोडते. आणि हे एका सेकंदात अनेकदा. चाक फिरत राहते, म्हणून गाडी हाताच्या ताब्यात राहते. यासाठी तेलाचा दाब सांभाळणारा पंप लागतो, वायरिंग लागते, आणि त्या गाडीचे वजन, लांबी, टायरचे माप हे सगळे धरून केलेले गणित लागते. हे गणित नाना पेठेत मिळत नाही. कारखान्यात घेतले तर घेतले, नाही तर ती गाडी जन्मभर त्यावाचून राहणार.

तो जानेवारीचा महिना होता. हंगाम भरात होता. आमच्याकडच्या रस्त्यांची या दिवसांतली अवस्था ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळे सांगायला नको. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर शेतातून डांबरी रस्त्यावर येतात ते चाकांना चिखल घेऊन. वरून पाचट पडते, ऊस पडतो. संध्याकाळी दव पडले की त्याचा राडा होतो. पुतण्या केडगावहून घरी येत होता. पुढे बिनदिव्याची ट्रॉली दिसली, त्याने पुढचा ब्रेक दाबला, चाक अडकले आणि गाडी त्याला घेऊन आडवी झाली. उजव्या पायाची दोन्ही हाडे मोडली. पायात सळई घातली. त्या साली त्याच्या नशिबी उसाची लागण नव्हती, चार महिने खाट होती. वहिनींनी त्या चार महिन्यांत त्याला बोल लावला नाही. फक्त एकदा मला म्हणाल्या, “भावजी, तुम्ही बँकेत होता. तुमचं त्यानं ऐकलं असतं.” ते वाक्य माझ्या अजून कानात आहे. सायलेन्सरला मात्र ओरखडाही नव्हता.

एबीएस असते तर तो पडलाच नसता असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. चिखलावर टायरला धरायलाच काही नसेल तर कुठली यंत्रणा काय करणार? शिवाय त्याने मागे बसवलेला टायर १३० च्या जागी १५० चा होता. तेवढ्याच रिमवर रुंद टायर ओढूनताणून बसवला की तो मधे फुगतो, गाडी वळायला जड होते आणि रस्त्याला टेकणारा भाग वाढेलच असे नाही. दिसायला मात्र भारी दिसते. पण पुढचे चाक अडकून पडणे हा जो अपघाताचा प्रकार आहे, त्याच्यासाठीच ही यंत्रणा बनली आहे, एवढे नक्की.

आता इथे सगळा दोष पोराच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. मी ते करणार नाही. त्या काळचा बाजार आठवा. २०१५ साली बजाजने पल्सर आरएस २०० आणली तेव्हा दिल्लीतली शोरूमची किंमत साधी असेल तर १ लाख १८ हजार आणि एबीएससह १ लाख ३० हजार अशी होती. इतर कंपन्यांचीही रीत वेगळी नव्हती. कारखाना स्वतःच ब्रेकसारखी गोष्ट ‘पाहिजे तर घ्या’ म्हणून विकायला ठेवतो, तेव्हा बावीस वर्षांचा मुलगा तिला शोभेची वस्तू समजला तर नवल काय? जिवाची गोष्ट आणि हौसेची गोष्ट एकाच दरपत्रकावर शेजारी शेजारी मांडली की हौस जिंकते. अखेर सरकारलाच मधे पडावे लागले. १२५ सीसीच्या वरच्या नव्या नमुन्यांना १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून बाजारात असलेल्यांना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले. ही तारीख तीन-चार वर्षे आधी आली असती तर आमच्या घरात वाद घालायला जागाच उरली नसती.

विम्याचा सर्व्हेअर आला तेव्हाचा प्रसंग सांगतो. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि वहीत लिहू लागला. सायलेन्सर मूळचा नाही, टायर मूळ मापाचा नाही, हँडल मूळचे नाही. त्या वस्तू पॉलिसीत दाखवलेल्या नव्हत्या. ज्यादा हप्ता भरून वस्तू नोंदवता येते. पण नोंदवायला गेले तर ‘ही कायद्याने चालते का?’ असा प्रश्न येतो, म्हणून कुणी नोंदवत नाही. भरपाईत त्या वस्तू धरल्या नाहीत. मी बँकवाला असल्याने मला त्यात अन्याय दिसला नाही. आम्हीसुद्धा नजरगहाण लिहून घेताना कोटेशनमध्ये आहे त्याच गाडीला कर्ज देत होतो. नंतर अंगावर चढवलेल्या दागिन्यांना नाही.

इथे पुन्हा माझी सहीची खोड आली. पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांना एआरएआय ही अक्षरे चांगली परिचयाची असतात; टेकडीचा एक भाग त्याच नावाने ओळखला जातो. १९६६ साली स्थापन झालेली ही ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. गाडीचा नवा नमुना विक्रीला येण्याआधी अशा मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो: ब्रेक, दिवे, धूर, आवाज, सगळे. कंपनीने गाडीबरोबर जे दिले ते या चाळणीतून गेलेले असते. म्हणजे त्याखाली कुणाची तरी सही असते. उद्या त्यात खोट निघाली तर कुणाच्या दारात जायचे हे ठाऊक असते. बाजारातल्या सायलेन्सरच्या खोक्यावर चकचकीत चित्र असते, परदेशी नाव असते, ‘फक्त शर्यतीसाठी’ असे बारीक अक्षरात असते. सही नसते.

कायदाही याच अंगाने जातो. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की नोंदणीपत्रातला तपशील कारखान्याने ठरवून दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. त्याच साली कायद्यात दुरुस्ती होऊन अशा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद झाली. आवाजाचे म्हणाल तर ८० ते १७५ सीसीच्या नव्या दुचाकीला ७७ डेसिबल आणि त्यावरच्या गाडीला ८० डेसिबल ही कारखान्यासाठीची मर्यादा आहे. पुंगळी बसवलेली गाडी याच्या किती पुढे जाते ते सांगायला यंत्र लागत नाही. गावात कुणाच्या घरी तान्हे मूल किंवा दम्याचा म्हातारा असला की पुरते. डेसिबलचा हिशोबही फसवा असतो. आकडा दहाने वाढला की आवाजाची शक्ती दहापट होते. पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवरून रोड रोलर फिरवल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रात अधूनमधून येतात. ती पाहून आपण हसतो. मला त्यात प्रत्येक पुंगळीमागे कुणाच्या तरी दुधाच्या बिलातले चार-पाच हजार दिसतात.

शिवाय आता गाड्याच पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आले. सायलेन्सरच्या नळीत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, जवळच ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो आणि तो सांगेल त्याप्रमाणे इंधन किती सोडायचे हे गाडीतला संगणक ठरवतो. यातला एक तुकडा उपटला की बाकीच्यांचा हिशोब चुकतो. कार्ब्युरेटरच्या काळात मेस्त्री कानाने ऐकून स्क्रू पिळत असे आणि गाडी सुरळीत होत असे. ते दिवस गेले. मला त्याची थोडी हळहळही वाटते, कारण त्या मेस्त्र्यांच्या हातात कला होती.

आणि याच कलेमुळे माझी पंचाईत होते. ‘कंपनीचे ते शहाणपण आणि बाजारातले ते वेडेपण’ असे सरळ म्हणता आले असते तर लेख इथेच संपला असता. पण इतिहास तसा नाही. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर हिदेओ योशिमुरा नावाचा एक माणूस अमेरिकन सैनिकांच्या मोटारसायकली दुरुस्त करून, घासून, वेगवान करून देत असे. आपल्या नाना पेठेतल्या मेस्त्र्याचाच तो भाऊबंद. १९७८ साली सुझुका इथली आठ तासांची शर्यत पहिल्यांदा झाली, तेव्हा होंडाच्या कारखान्याच्या संघाला मागे टाकून जिंकली ती योशिमुराने तयार केलेली सुझुकी. स्वीडनमध्ये केंट ओहलिन्स या मोटोक्रॉस खेळाडूने १९७६ साली शॉक अ‍ॅब्सॉर्बरची कंपनी काढली. १९८७ साली यामाहाने तिच्यात मोठा हिस्सा घेतला, आणि पुढे महागड्या डुकाटी गाड्यांवर हेच ओहलिन्स कारखान्यातूनच बसून येऊ लागले. म्हणजे आजची कंपनीची चैन ही कालच्या बाजारातल्या कुणाची तरी खटपट असते. फरक इतकाच की या माणसांनी आपल्या मालावर स्वतःचे नाव घातले, शर्यतीत तो मोडला तर नाव मोडेल ही जोखीम घेतली. तीही एक सहीच.

कारखान्याला सगळे कळते असेही नाही. बिनदिव्याच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच ऊस असताना गाडीच्या मूळ दिव्याचा उजेड किती तोकडा पडतो, हे राहू बेटात रात्री वसुलीला फिरलेल्या माणसाला विचारा. माझ्या राजदूतला मी खाली एक ज्यादा दिवा बसवून घेतला होता, आणि नियमात बसेल असा चांगला दिवा, स्वतंत्र रिले आणि बटण घालून आजही कुणी बसवून घेत असेल तर मी त्याला दोष देणार नाही. त्याउलट मूळच्या होल्डरमध्ये जास्त वॅटचा बल्ब कोंबणारे पाहिले आहेत. आधी होल्डर वितळतो, मग वायर. आणि तोपर्यंत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आणतात ते वेगळेच. आपल्या हाताच्या मापाचा लिव्हर, चांगली सीट, मूळ मापाचाच पण अधिक चांगला टायर, हेल्मेट, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट, हे बाजारातूनच घ्यावे. कंपनीच्या नावाचे जॅकेट दीडपट किमतीला घेण्यात काही शहाणपण नाही. पण जे गाडीला थांबवते, वळवते किंवा तिच्या इंजिनाचा श्वास सांभाळते, ते पहिल्या दिवशी कारखान्याकडूनच घ्यावे, आणि नसेल मिळत तर त्यावाचून राहावे, या मतावर मी आलो आहे.

साडीगार्डचे तर मला कधीच कोडे सुटलेले नाही. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मे चाक झाकणारे आवरण हवे, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो. शोरूममधून गाडी येते ती ते लावून. आणि पोरे पहिल्या दिवशी पहिली गोष्ट करतात ती साडीगार्ड उतरवण्याची, का तर गाडी ‘बायकी’ दिसते. दोन महिन्यांनी त्याच गाडीवर आईला एकादशीला देवळात घेऊन जातात. पदर, जोडवी, चाक आणि चेन यांचे अंतर मग वीतभर. हे उतरवायला एक पैसा लागत नाही, म्हणून त्याचा हिशोबही कुणी करत नाही.

२०२२ साली पुतण्याने पुन्हा गाडीचा विषय काढला. आता त्याचे स्वतःचे गुऱ्हाळ आहे, लग्न झाले आहे, पायातली सळई कधीच निघाली आहे. टीव्हीएसने अपाचे आरआर ३१० या गाडीसाठी २०२१ साली एक नवी रीत काढली होती: ग्राहकाने आधी सांगायचे आणि कारखान्याने तशी गाडी बांधून द्यायची. त्यात पुढचे-मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर हवे तसे कमीजास्त करता येणारा ‘डायनॅमिक किट’ होता. वाहन उभे राहण्याआधीच, सहीनिशी. जाहीर झालेली किंमत १२ हजार.

“तात्या, परत बाराच हजार,” तो म्हणाला.

मी म्हटले, “आपल्या रस्त्याला त्याचा काय उपयोग? ते शर्यतीच्या ट्रॅकवाल्यांसाठी.”

“एबीएसच्या येळी तुम्ही बोलला व्हता, जे नंतर बसत न्हाई ते आधी घ्यावं.”

माझेच वाक्य माझ्यावर उलटले होते. मी गप्प बसलो आणि त्याने किट घेतला. साडीगार्ड काढू नका, असे मात्र शोरूममध्ये त्यानेच सांगितले.

गाडी आल्यावर पहिल्या रविवारी आम्ही अंगणात ती उभी केली. किट घेतलेले बहुतेक लोक त्याचे स्क्रू कधीच फिरवत नाहीत असे मला वाटते. बारा हजार कपाटात ठेवल्यासारखे. म्हणून मी हट्टाने पुस्तिका काढून बसलो. स्प्रिंगचा ताण माणसाच्या वजनाप्रमाणे लावायचा असतो. आधी गाडी रिकामी असताना मागची उंची मोजायची, मग माणसे बसवून मोजायची आणि किती खाली गेली ते पाहायचे. पुतण्या बसला. मागे वहिनींना बसा म्हटले, तर त्या म्हणाल्या, “त्या माडीवर मी न्हाई चढायची.” मग सूनबाई पदर खोचून बसली. मी गुडघे टेकून टेप लावला, आणि भाऊ ओसरीवरून विचारत राहिला, “किती बसली रे? किती बसली?”